बाकी

पोदेराचा भोंपू वाजला की शाळा भरते.
हजेरी दोन. शलोमी, अजर्या.
जेवणाचं टेबल पुसायचं,
कढीचा पिवळा डाग जात नाही,
त्यावर जगाचा नकाशा अंथरायचा.
डाग बरोबर हिंदी महासागराखाली येतो.

आमच्याकडे शास्त्राचे तास दोन.
एकात देव बोलतो,
दुसऱ्यात बेडकाचं हृदय तीन कप्प्यांचं असतं.
अजर्या विचारतो, आता कुठलं शास्त्र?
मी म्हणते, वही तीच आण.

राहुरी सोडून दिवाडीला आलो तेव्हा
ह्यांना बार्जच्या इंजिनांचं काम मिळालं,
मला हे बेट.
फेरीबोट बंद पडली की आम्ही जगापासून सुटे.
मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.
वाटलं, इथे माझी लेकरं
डब्यातल्या पिठासारखी राहतील,
घट्ट झाकणाची.

शेजारची ब्लांकातीय कुंपणावरून विचारते,
“भुरग्यांक इस्कोलांत कित्याक धाडिना गो?”
तिच्या बोटांत माळ फिरत असते.
आमच्याकडे माळ नाही, मूर्ती नाही,
भिंतीवर नुसता एक खिळा, कॅलेंडरचा.
तरी तिच्या चर्चच्या घंटेवरच
आमची मधली सुट्टी होते.

सोमवारी सहा दिवसांची गोष्ट वाचली.
पाणी एकीकडे, कोरडी जमीन एकीकडे.
मग दोघांना बांधावर नेलं, मानशीपाशी.
भरती चढत होती,
फळ्या कुरकुरत मिटत होत्या,
पुढचं ते शेत की खाडी, सांगता येईना.
अजर्या घोट्यापर्यंत रुतलेला.
“आई, चिखल कितव्या दिवशी केला?”
एका निवट्याने उडी मारली
आणि मला थोडा वेळ मिळाला.
उत्तर नाही मिळालं.

बुधवारी भागाकार.
पाच भाकरी, पाच हजार माणसं.
शलोमीने आधी उंड्याचे तुकडे करून पाहिले,
मग पाटीवर लिहिलं:
शून्य दशांश शून्य शून्य एक.
“एवढ्यात मुंगी तरी जेवेल का?”
आणि त्याखाली गोष्टीतली बाकी,
बारा टोपल्या.
बराच वेळ पेन्सिल चावत बसली.
“भाज्यापेक्षा बाकी मोठी कशी?
कुणीतरी चुकलंय, आई.
मी, की ते?”
मी म्हटलं, तुझी रीत बरोबर आहे.
म्हटलं, त्याचीही.
म्हटलं, हात धुवा, जेवायला बसू.

शुक्रवारी रात्री वह्या तपासते.
खुंटीवरच्या ह्यांच्या कपड्यांना डिझेलचा वास,
बाहेर शेवटच्या फेरीचा दिवा.
आठवड्याची प्रार्थना
स्वतःच्या शब्दांत लिहायची, हा माझाच नियम.
अजर्याने लिहिलं होतं: निवट्याला पाय दे.
शलोमीने:
देवा, मला एक मैत्रिण दे.
आईला सांगू नको.

लाल पेन हातात उघडंच होतं.
‘त्रि’ ऱ्हस्व काढली होती तिने.
मैत्रीण, दीर्घ,
गेल्याच आठवड्यात दहा वेळा गिरवून घेतलेलं.
दुरुस्त करावं तर कळेल, मी वाचलं.
सोडून द्यावं तर चूक राहील
आणि मी तिची बाई.
बाई आणि आई,
एकाच खुर्चीत दोघी कितीतरी वेळ बसून राहिलो.
मग टोपण लावलं.

सकाळी भोंपू वाजला.
उंडे पदरात घेऊन कुंपणापाशी गेले.
“ब्लांकातीय, तुमची नात
शाळेतून किती वाजता येते?”

“साडेतीनांक,” ती म्हणाली,
आणि बोट त्याच मण्यावर ठेवून
माझ्याकडे बघत राहिली.